जुन्या डिझेल इंजिनाचं 'रीबिल्ड' म्हणजे नक्की काय? मालगाडी ओढणाऱ्या लोकोचा दुसरा जन्म

मी वसई गावात, होळी बाजाराजवळ राहतो. वसई रोड स्टेशन इथून तसं लांब, रिक्षा पकडावी लागते. पण रात्री बाजार शांत झाला आणि वारा त्या बाजूचा असला, की मालगाडीचा हॉर्न घरापर्यंत ऐकू येतो. जेएनपीटी बंदरातून निघालेल्या कंटेनरच्या गाड्या पनवेल, दिवा, भिवंडी रोड, कामण, जूचंद्र करत वसई रोडला येतात आणि इथून गुजरातच्या दिशेने वर जातात. लोकल पकडणाऱ्यांचं तिकडे फारसं लक्ष नसतं. माझंही नव्हतं.

मग एक दिवस मामांनी व्हॉट्सॲपवर त्यांचा एक जुना फोटो टाकला. मामा डिझेल शेडमध्ये फिटर होते, आता निवृत्त आहेत. फोटोत ते एका लोकोसमोर उभे, आणि लोकोच्या नंबरापुढे एक इंग्रजी अक्षर जोडलेलं: 'आर'. मी विचारलं, "मामा, हा आर कशाचा?" त्यांचं उत्तर आलं, "अरे, रीबिल्टचा. हिला आम्ही नव्याने उभी केली होती." आणि खाली आणखी एक ओळ: "आता अशी किती इंजिनं नुसती उभी आहेत, आयुष्य शिल्लक असून."

त्या एका ओळीमुळे हा लेख. आपण रिफर्बिश्ड फोन घेतो, बॅटरी बदलून जुना फोन दोन वर्षं ढकलतो. शंभर टनांहून जड यंत्राचं असंच करता येतं का, ते परवडतं कधी, आणि कधी परवडत नाही, हे आज बघू.

आधी एक गैरसमज दूर करूया

आपण मराठीत संपूर्ण वाहनालाच 'इंजिन' म्हणतो. या लेखापुरतं वेगळं ठेवू: पूर्ण वाहन म्हणजे लोको, आणि तिच्या पोटातलं डिझेल जाळणारं यंत्र म्हणजे इंजिन.

आता गंमत बघा. भारतात मालगाड्या ओढणाऱ्या मोठ्या डिझेल लोकोमध्ये इंजिन चाकांना जोडलेलंच नसतं! बाइकमध्ये इंजिन, गिअर, चेन, चाक अशी साखळी असते. इथे तसं नाही. इंजिन फिरवतं जनरेटर, जनरेटर बनवतो वीज, आणि ती वीज जाते चाकांपाशी बसवलेल्या मोटरींकडे. या मोटरींना ट्रॅक्शन मोटर म्हणतात. सहा ॲक्सल असतील तर सहा मोटरी. म्हणजे लग्नाच्या हॉलमागे धडधडत असतो तो जनसेट चाकांवर ठेवला आणि त्याच्या विजेवर गाडी चालवली, असा हा प्रकार. इलेक्ट्रिक लोको वीज वरच्या तारेतून घेते, डिझेल लोको ती स्वतःच्या पोटात बनवते. चाकाकडचा कारभार दोघींकडेही मोटरींचाच.

हे एकदा डोक्यात बसलं की रीबिल्डची सगळी गोष्ट सोपी होते. लोकोचे तीन भाग धरा. खालचा सांगाडा आणि बोग्या, म्हणजे लोखंड. मधला वीज बनवणारा भाग, म्हणजे इंजिन आणि जनरेटर. आणि या दोघांना ताब्यात ठेवणारा कंट्रोलचा भाग. तिघांचं म्हातारपण वेगवेगळ्या वेगाने येतं. जाड पोलादाचा सांगाडा दशकानुदशकं टिकतो. इंजिनाचे पिस्टन, लायनर, बेअरिंग काही वर्षांत झिजतात. आणि कंट्रोलची इलेक्ट्रॉनिक्स तर झिजायच्या आधीच जुनी होते, तुम्हाला फोनवरून माहीत आहेच.

कंपनी बंद पडली, पण लोको चालतच राहिली

भारतात हे रीबिल्डचं काम ज्या लोकोवर सगळ्यात जास्त झालं तिचं नाव डब्ल्यूडीएम-२. नाव अवघड वाटतं पण कोड सोपा आहे: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिक्स्ड, प्रवासी गाडी आणि मालगाडी दोन्हीसाठी. 'एम'च्या जागी 'जी' असेल तर ती खास मालगाडीची.

डिझाइन अमेरिकेतल्या अल्को या कंपनीचं. पहिल्या लोको १९६२ मध्ये बाहेरून आल्या, आणि जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून, म्हणजे डीएलडब्ल्यूमधून, भारतात बनलेली पहिली लोको बाहेर पडली. पाचच वर्षांनी, १९६९ मध्ये, खुद्द अल्कोने अमेरिकेत लोको बनवणं बंद केलं. आपण मात्र तेच डिझाइन धरून अडीच हजारांहून जास्त डब्ल्यूडीएम-२ बांधल्या आणि पुढे त्यातूनच नवी मॉडेलं काढली. ज्या फोनची कंपनीच बुडाली त्याचे अपडेट आपणच बनवत राहावेत, तसं हे झालं.

या लोकोच्या पोटातलं इंजिन १६ सिलिंडरचं. एका सिलिंडरचा व्यास ९ इंच, पिस्टनची धाव साडेदहा इंच. गणित केलं तर एकेका सिलिंडरचं माप येतं जवळपास ११ लिटर. तुमच्या स्कूटरचं इंजिन ११० सीसीचं असेल, तर अशा १०० स्कूटर मिळून एक सिलिंडर! ताकद २,६०० हॉर्सपॉवर. आणि एवढं असूनही फिरण्याचा वेग मिनिटाला जास्तीत जास्त १,००० फेऱ्यांच्या आसपास. म्हणूनच अल्कोचा आवाज तो असा वेगळा, सावकाश धापा टाकल्यासारखा. रेल्वेवेडी मंडळी डोळे मिटून ओळखतात.

वर्कशॉपमध्ये नेऊन करतात काय?

डिझेल लोकोचं कागदावरचं आयुष्य साधारण ३६ वर्षं धरलं जातं. बरोबर निम्म्यावर, १८ वर्षांनी, मोठी उजळणी येते. तिला मिड-लाइफ रिहॅबिलिटेशन म्हणतात. हे काम मोठ्या प्रमाणावर करायला १९८१ मध्ये पंजाबात पटियालाला वेगळा कारखाना सुरू झाला. पुढे त्याचं नाव डिझेल लोको मॉडर्नायझेशन वर्क्स झालं, आता पटियाला लोकोमोटिव्ह वर्क्स. आपल्याकडे मुंबईत मध्य रेल्वेचं परळ वर्कशॉप डिझेल लोकोच्या मोठ्या ओव्हरहॉलिंगसाठी ओळखलं जायचं. माथेरानच्या छोट्या गाडीसाठीही तिथे लोको बांधल्या गेल्या. रोजची देखभाल मात्र कल्याण, पुणे, कुर्ला अशा शेडमध्ये.

लोको आली की आधी तिला पूर्ण सोलतात. छत निघतं, इंजिन क्रेनने वर उचललं जातं, बोग्या खालून वेगळ्या होतात. मामा म्हणतात, "पहिल्या आठवड्यात बघशील तर वाटेल, हिला भंगारातच काढली." इंजिनाचा ब्लॉक धुतात, वर्षानुवर्षांचा तेलाचा थर निघतो. क्रँकशाफ्टला चुंबकीय चाचणी देतात. बारीक लोखंडी कण टाकले की डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरेपाशी ते गोळा होतात आणि चीर उघडी पडते. ॲक्सलमधून अल्ट्रासाउंड सोडतात, सोनोग्राफीसारखंच. बोगीच्या फ्रेमवर वेल्डिंगच्या जागा तपासतात, कारण तडे बहुतेक तिथूनच सुरू होतात.

इथपर्यंत झाली दुरुस्ती. रीबिल्डची खरी मजा पुढे आहे, कारण परत जोडताना जुनंच बसवत नाहीत.

इंजिनाचा ब्लॉक तोच राहतो, पण जास्त हवा कोंबणारा टर्बोचार्जर, मोठा आफ्टरकूलर, टोकाला पोलादी टोपी असलेले पिस्टन आणि सुधारित फ्युएल पंप बसतात. सिलिंडर १६ च, मापही तेच, पण ताकद २,६०० वरून ३,१०० हॉर्सपॉवर. हीच डब्ल्यूडीएम-३ए. नावातला ३ म्हणजे तीन हजार, ए म्हणजे वरचे शंभर.

आफ्टरकूलर हा शब्द अडला असेल तर: टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते, तापलेली हवा फुगते, आणि फुगलेल्या हवेत ऑक्सिजन कमी मावतो. म्हणून सिलिंडरमध्ये जायच्या आधी ती गार करायची. गार हवा जास्त मावते, जास्त डिझेल नीट जळतं.

दुसरा बदल जनरेटरचा. जुन्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये डीसी जनरेटर होता. त्यात फिरत्या कॉम्युटेटरवर कार्बनचे ब्रश घासतात, ठिणग्या उडतात, ब्रश झिजतात. ताकद वाढवायची तर हा भाग आड येतो. त्याच्या जागी अल्टरनेटर बसवला आणि त्याची एसी वीज डायोडमधून सरळ करून मोटरींना दिली, की तो सगळा घासण्याचा प्रकार संपला. आकार आटोपशीर, देखभाल कमी.

तिसरा बदल मेंदूचा. जुन्या लोकोच्या कॅबमागे रिलेंची भिंत असायची. टकटक आवाज करणारे शेकडो संपर्क, धूळ बसली की बिघाड. रीबिल्डमध्ये तिच्या जागी मायक्रोप्रोसेसरचा कंट्रोल आला. बिघाड झाला तर स्क्रीनवर त्याची नोंद दिसते, कधी झाला तेही दिसतं. मामांच्या पिढीतल्या बऱ्याच फिटरांना हा भाग सुरुवातीला पटला नव्हता. हाताने चाचपून दोष शोधणाऱ्या माणसाला स्क्रीन बघून दोष वाचायला सांगितलं की थोडं लागतंच. पण मामा स्वतःच सांगतात, की पावसाळ्यात सगळ्यात जास्त जीव खायचा तो रिलेंचाच.

अल्कोचा तो प्रसिद्ध काळा धूरही इथेच समजतो. लोको पायलटकडे ताकद वाढवायला आठ पायऱ्या असतात, त्यांना नॉच म्हणतात. मालगाडी सुटताना नॉच वाढवला की डिझेल लगेच वाढतं, पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढे काही सेकंद डिझेल जास्त, हवा कमी. अर्धवट जळलेलं डिझेल काजळी होऊन छतातून बाहेर. तो धूर फोटोत भारी दिसतो, पण आपल्या पैशाचं डिझेल आभाळात जातंय एवढाच त्याचा अर्थ. चांगला टर्बो आणि हवेच्या हिशोबाने भार वाढवणारा कंट्रोल बसला की हा धूर बराच कमी होतो.

सगळं जुळलं की लोको लगेच रुळावर जात नाही. तिला जागेवर उभी ठेवून लोड बॉक्सला जोडतात. इंजिन आठव्या नॉचवर, म्हणजे पूर्ण ताकदीवर, आणि तयार झालेली सगळी वीज मोटरींऐवजी मोठ्या रेझिस्टन्समध्ये उष्णता म्हणून जाळायची. गाडी एक इंचही हलत नाही आणि लोको पाच हजार टन ओढत असल्यासारखी गर्जत असते. तासन्‌तास. फोन विकत घेताना आपण 'स्ट्रेस टेस्ट' चालवतो ना, त्याचाच हा थोरला भाऊ.

नुसती हॉर्सपॉवर पुरत नाही

मालगाडीसाठी इथे एक अडचण येते. हॉर्सपॉवर तुम्हाला वेग देते, पण उभी गाडी हलवायला लागते पकड. गुळगुळीत पोलादी रूळ, गुळगुळीत पोलादी चाक, दोघांचा स्पर्श नाण्याएवढ्या जागेत. जास्त जोर लावला की चाक जागच्या जागी गरगरतं. आपल्या वसईच्या पावसात तर विचारूच नका.

आकडे बघा. डब्ल्यूडीजी-३ए ही अल्को घराण्यातली खास मालगाडीची लोको. वजन १२३ टन, सुरुवातीचा ओढण्याचा जोर सुमारे ३७.९ टन. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ३१ टक्के. नंतर १९९९ पासून अमेरिकेतल्या ईएमडी कंपनीच्या तंत्रज्ञानाची डब्ल्यूडीजी-४ आली. वजन जवळपास तेवढंच, १२६ टन, पण जोर साधारण ५३ टन, म्हणजे ४२ टक्के. वजन तेवढंच असताना ही जादू कुठून आली?

तिची ताकद मोठी, ४,००० हॉर्सपॉवर, पण हे त्याचं उत्तर नाही. उत्तर आहे तिच्या मोटरींत. जुन्या लोकोत डीसी मोटरी, डब्ल्यूडीजी-४ मध्ये थ्री-फेज एसी मोटरी. एसी मोटर किती वेगाने फिरायची हे तिला दिलेल्या विजेची फ्रिक्वेन्सी ठरवते. चाक घसरायला लागलं तरी मोटर बेफाम पळू शकत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक्स सेकंदाच्या छोट्याशा भागात जोर कमी करून परत पकड घेते. जुन्या पद्धतीत घसरण कळली की बझर वाजायचा, सगळ्या लोकोची ताकद कमी व्हायची, पायलट वाळू सोडायचा आणि पुन्हा सुरुवात. बाइकच्या एबीएसचं तत्त्व आठवा. तिथे ते थांबताना लागतं, इथे सुटताना.

म्हणून रीबिल्डची मर्यादाही इथेच कळते. जुन्या अल्कोचं इंजिन कितीही सुधारा, डीसी मोटरी तशाच राहिल्या तर सहा हजार हॉर्सपॉवरच्या आजच्या लोकोशी तिची बरोबरी होत नाही. अमेरिकेत यावर एक रस्ता काढला गेला: सांगाडा जुना ठेवायचा आणि डीसी मोटरी काढून एसी बसवायच्या. २०२२ मध्ये युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने वॅबटेककडे ६०० जुन्या लोको अशा आधुनिक करायला दिल्या, करार १ अब्ज डॉलरचा. कंपनीच्या दाव्यानुसार यात लोकोचं निम्म्याहून जास्त वजन परत वापरलं जातं आणि डिझेल १८ टक्क्यांपर्यंत वाचतं. तिथल्या लांबच लांब मालमार्गांवर वरती तार नाही, त्यामुळे डिझेलवर एवढा खर्च करणं त्यांना पटतं.

आपल्याकडे एक लहानसा बदल मात्र मला फार आवडतो, आणि त्याची चर्चा कमी होते. मालगाडीचं निम्मं आयुष्य सिग्नलची वाट बघण्यात जातं. उभ्या लोकोचं इंजिन बंद केलं तर ब्रेकची हवा उतरते, बॅटरी उतरते, म्हणून ते चालूच ठेवायचं. नुसतं उभं राहून तासाला सुमारे २५ लिटर डिझेल. यावर उपाय म्हणून लोकोमध्ये एक छोटं वेगळं इंजिन बसवलं गेलं, ऑक्झिलरी पॉवर युनिट. लोको काही वेळ उभी राहिली की मोठं इंजिन आपोआप बंद, छोटं सुरू. ते हवा आणि बॅटरी सांभाळतं आणि पितं तासाला साधारण ३ लिटर. फोनचा बॅटरी सेव्हर मोड, दुसरं काही नाही! रेल्वेचा अंदाज होता की एका लोकोमागे वर्षाला २० लाख रुपये वाचतील.

डिझेलचंच इलेक्ट्रिक केलं तर?

आता सुरुवातीची गोष्ट आठवा: डिझेल लोको आतून विजेवरच चालते. मग पोटातला जनसेट काढून वर पँटोग्राफ बसवला तर?

वाराणसीच्या डीएलडब्ल्यूने नेमकं हेच केलं. २२ डिसेंबर २०१७ ला काम सुरू झालं आणि २८ फेब्रुवारी २०१८ ला लोको कारखान्यातून निघाली. ६९ दिवस. डब्ल्यूडीजी-३ए लोकोंमधून इंजिन, जनरेटर, डिझेलची टाकी काढली. ट्रान्सफॉर्मर, कन्व्हर्टर, पँटोग्राफ आत आले. अशा दोन लोको पाठीला पाठ लावून जोडी केली: प्रत्येकी ५,००० हॉर्सपॉवर, मिळून १०,०००. नाव डब्ल्यूएजीसी-३. १९ फेब्रुवारी २०१९ ला पंतप्रधानांनी वाराणसीत तिला हिरवा झेंडा दाखवला. रेल्वेने सांगितलेला खर्च एका लोकोमागे सुमारे अडीच कोटी रुपये, आणि डिझेल म्हणूनच मिड-लाइफ करायला त्याच्या दुप्पट लागले असते.

शिवाय एक फायदा झेंड्याच्या बातम्यांत हरवला. उतारावर लोको मोटरींचा उलटा वापर करून ब्रेक लावते, तेव्हा मोटरी वीज बनवतात. डिझेल लोकोला ती वीज ठेवायला जागाच नसते, छतावरच्या ग्रिडमध्ये उष्णता करून उडवून द्यावी लागते. थ्री-फेज इलेक्ट्रिक लोको हीच वीज तारेत परत देऊ शकते आणि दुसरी गाडी ती वापरते.

एवढं सगळं छान, तर मग शेकडो डिझेल लोकोंचं असं रूपांतर का झालं नाही? माझं मत सांगतो. कल्पना चांगली होती, वेळ चुकली. त्याच काळात चित्तरंजन आणि इतर कारखान्यांतून ६,००० हॉर्सपॉवरच्या नव्या कोऱ्या इलेक्ट्रिक लोको शेकड्यांनी बाहेर पडत होत्या. मधेपुऱ्याची १२,००० हॉर्सपॉवरची डब्ल्यूएजी-१२ आली, तिच्या देखभालीचा एक डेपो आपल्या नागपुरात आहे. मे २०२५ मध्ये दाहोदच्या कारखान्यातून ९,००० हॉर्सपॉवरची लोको निघाली, तिच्या देखभालीच्या ठिकाणांत पुणे आहे. असं असताना मोजक्याच संख्येतल्या वेगळ्या जातीची लोको सांभाळणं शेडला डोकेदुखी असते. सुटे भाग वेगळे, नकाशे वेगळे, शिकवायचं वेगळं. ज्या फोनचा डिस्प्ले बाजारात मिळत नाही तो कितीही चांगला असला तरी दुरुस्तीवाला हात लावत नाही, तसं.

मग उभ्या असलेल्या लोकोंचं काय?

मामांच्या त्या ओळीकडे परत येऊ. कोकण रेल्वेचंच बघा. ट्रक वॅगनवर चढवून नेणारी रो-रो सेवा तिथे २६ जानेवारी १९९९ पासून आहे, आणि ती वर्षानुवर्षं डिझेल लोकोच ओढत होत्या. मार्च २०२२ पर्यंत संपूर्ण मार्गाचं विद्युतीकरण झालं आणि २० जून २०२२ ला त्याचं लोकार्पण. एका मार्गावर तार आली की तिथल्या डिझेल लोकोंना दुसरीकडे काम शोधावं लागतं, आणि आता सगळीकडेच तार येतेय. डिझेल आयात करायला लागतं, वीज स्वस्त पडते, त्यामुळे या निर्णयाला नावं ठेवता येत नाहीत. पण परिणाम असा, की २००० नंतर बांधलेल्या, अर्धं आयुष्य शिल्लक असलेल्या लोकोही रिकाम्या झाल्या.

काहींना परदेशात काम मिळालं. २७ जुलै २०२० ला भारताने बांगलादेशाला १० ब्रॉडगेज लोको दिल्या, मे २०२३ मध्ये आणखी २०. या डब्ल्यूडीएम-३डी, ३,३०० हॉर्सपॉवरच्या, अल्को घराण्यातल्याच, मायक्रोप्रोसेसर कंट्रोलच्या. पहिल्या दहांचं शिल्लक आयुष्य २८ वर्षं किंवा जास्त सांगितलं होतं! तिथल्या गरजेप्रमाणे थोडे बदल केले आणि रवाना. गेज तेच असल्यामुळे हे सोपं होतं.

आफ्रिकेचं तसं नाही. दक्षिण आफ्रिका आणि शेजारच्या देशांत केप गेज आहे, रुळांमधलं अंतर १,०६७ मिलिमीटर. आपलं १,६७६. वरवर वाटेल, चाकं जवळ आणली की झालं. पण ट्रॅक्शन मोटर बसते कुठे? दोन चाकांच्या मधे, ॲक्सलला चिकटून. चाकं सहाशे मिलिमीटर जवळ आली की त्या मोटरीची जागाच कमी होते. शिवाय तेवढीच उंच लोको अरुंद पायांवर उभी राहते, वळणावर तोल सांभाळायचा प्रश्न येतो. म्हणजे ॲक्सल, बोगी, मोटर सगळ्याचा पुन्हा विचार. हे काम रेल्वेची राइट्स ही कंपनी आपल्या वापरलेल्या अल्को लोकोंसाठी करते आहे, आणि माझ्या मते मामांच्या पिढीच्या ज्ञानाला यापुढे खरी मागणी इथेच आहे. अल्कोचं इंजिन उघडून परत बसवणारे हात जगात आता फार ठिकाणी राहिलेले नाहीत.

वसईला डिझेल अजून दिसते का?

दिसते, पण आधीसारखी नाही. पूर्वी या भागात डिझेलला वेगळाच भाव होता. पश्चिम रेल्वेवर बराच काळ विरारच्या दक्षिणेला १,५०० व्होल्ट डीसी आणि उत्तरेला २५,००० व्होल्ट एसी असा दुहेरी कारभार होता. ते सगळं एसी करण्याचं काम २०१२ मध्ये पूर्ण झालं. तोवर साधी इलेक्ट्रिक लोको ही सीमा ओलांडू शकत नव्हती, त्यासाठी दोन्ही व्होल्टेजवर चालणाऱ्या खास लोको लागायच्या. डिझेलला त्याच्याशी देणंघेणंच नव्हतं. तिची वीज तिच्या पोटात.

आज तिचं काम उरलं आहे ते तार नसलेल्या जागी. बंदरात किंवा गोदामाच्या सायडिंगमध्ये वरून क्रेन कंटेनर उचलते, तिथे डोक्यावर २५,००० व्होल्टची तार ठेवता येत नाही. त्यामुळे हजार किलोमीटर विजेवर आलेल्या ४५ वॅगनच्या, ९० छोट्या कंटेनरच्या रेकला शेवटची काही शे मीटर ढकलायला डिझेल लोको लागते. पुरात, वादळात तार तुटली, वीज बंद ठेवावी लागली, की गाडी बाहेर काढायला तीच. अशा कामाला नवी कोरी लोको कोण घेईल? इथे रीबिल्ट केलेली जुनीच शोभते.

पुढच्या वेळी वसई रोडच्या प्लॅटफॉर्मवरून एखादी डिझेल दिसली तर फोटो झूम करून नंबर बघा. सुरुवातीला डब्ल्यूडीजी असेल तर मालगाडीची. ३ए असेल तर अल्को घराणं, ४ असेल तर ईएमडीचं. डब्ल्यूडीएम असेल आणि नंबराच्या शेवटी आर दिसला, तर ती एकदा पूर्ण सोलून पुन्हा उभी केलेली. मात्र फोटो प्लॅटफॉर्मवरूनच काढा, रुळात उतरू नका. उभी मालगाडी कधी हलेल हे तिच्याकडे बघून कळत नाही.

मी असा एक फोटो मामांना पाठवला होता. त्यांनी नंबर वाचला, शेडचं नाव ओळखलं, आणि विचारलं, "आवाज रेकॉर्ड केलास का?" केला नव्हता.